एकदम दोन, की एकामागून एक?

प्रश्न : माझं वय ३१, लग्नाला सहा वर्षं झाली. पीसीओडी आहे, उंची चार फूट दहा इंच. सांगलीच्या एका सेंटरमध्ये आयव्हीएफ चालू आहे. पिकअपला १४ बीजं निघाली, ११ पक्व होती, ८ फलित झाली आणि पाचव्या दिवसापर्यंत चार एम्ब्रियो (गर्भ) टिकले. ग्रेड ४एए, ४एबी, ३बीबी आणि ३बीसी. पोटात पाणी साचायची भीती होती म्हणून चारही फ्रीझ केले. पुढच्या पाळीला ट्रान्सफर, म्हणजे एम्ब्रियो पिशवीत सोडणं, आहे. डॉक्टर म्हणतात, एकच सोडू. मिस्टर म्हणतात, दोन सोडा, पतसंस्थेचं कर्ज काढलंय, पुन्हा पुन्हा परवडणार नाही. सासूबाई म्हणतात, एका बाळंतपणात दोन झाली की मोकळी होशील. नणंदेच्या ओळखीचं दुसरं सेंटर तीन सोडायला तयार आहे. मलाही जुळी झाली तर आनंदच आहे, पण भीती वाटते. आणि एक सोडून फेल गेलं तर सगळे मलाच बोलतील. काय करू?
– एक वाचक, जत तालुका

उत्तर : ताई, पहिल्या ट्रान्सफरला एकच सोडा, आणि तो ४एए. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. का, ते सविस्तर सांगतो, म्हणजे घरी सांगताना तुमच्या हातात नुसतं ‘डॉक्टर म्हणाले’ एवढंच राहणार नाही.

तुमच्या घरात प्रश्न ‘एक की दोन’ असा मांडला जातोय, आणि सगळा घोळ तिथेच आहे. चारही एम्ब्रियो तुमचेच आहेत, टाकीत सुरक्षित आहेत, त्यातला एकही वाया जाणार नाही. खरा प्रश्न एवढाच की त्यातले दोन एकदम वापरायचे, की एकामागून एक. हिशोबासाठी धरून चला की एका चांगल्या एम्ब्रियोतून दिवस राहण्याची शक्यता शंभरात ४० आहे. तुमच्यासारख्या शंभर जणींमध्ये दोन-दोन एकदम सोडले, तर ६४ जणींना दिवस राहतील. त्यातल्या १६ जणींना जुळी असतील, म्हणजे दर चौघींत एक. ३६ जणींचं फेल जाईल आणि त्यांचे दोन्ही एम्ब्रियो संपलेले असतील. आता त्याच शंभर जणींना एकेक सोडा. पहिल्या खेपेला ४० जणींना दिवस राहतील. उरलेल्या ६० जणींना दुसरा सोडला की त्यातल्या २४ जणींना. चाळीस आणि चोवीस, चौसष्टच. जुळी जवळजवळ नाहीत. शिवाय पहिल्याच खेपेला यश आलेल्या ४० जणींचा दुसरा एम्ब्रियो तसाच शिल्लक आहे, दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या बाळासाठी.

तुमच्या सेंटरचा आकडा ४० ऐवजी ३५ किंवा ५० असेल, त्याने हिशोबाची जात बदलत नाही. प्रत्यक्षात आकडे इतके काटेकोर जुळत नाहीत, पण हे नुसतं कागदावरचं गणितही नाही. स्कँडिनेव्हियातल्या सेंटर्समध्ये ६६१ स्त्रियांवर याच प्रश्नाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सगळ्या ३६ वर्षांखालच्या, प्रत्येकीकडे किमान दोन चांगले एम्ब्रियो. एका गटाला दोन एकदम सोडले. दुसऱ्या गटाला एक ताजा सोडला आणि गरज पडली तर नंतर एक फ्रीझ केलेला. बाळ हाती येण्याचं प्रमाण दोनवाल्या गटात ४२.९ टक्के, एकेकवाल्या गटात ३८.८ टक्के. जुळ्यांचं प्रमाण मात्र एकीकडे ३३.१ टक्के आणि दुसरीकडे ०.८ टक्के. आणि तेव्हाची फ्रीझिंगची पद्धत आजच्या मानाने फार कच्ची होती. आज व्हिट्रिफिकेशनने, म्हणजे अतिजलद पद्धतीने, गोठवलेले पाच दिवसांचे एम्ब्रियो चांगल्या लॅबमध्ये शंभरातले पंचाण्णवच्या आसपास जिवंत बाहेर निघतात, त्यामुळे ‘फ्रीझरमधला दुसरा’ ही आता भरवशाची गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात आयव्हीएफच्या बाळंतपणांत २८ टक्के जुळी-तिळी असत, २०१९ साली ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. तिथे एकेक सोडायला सुरुवात झाली म्हणून यश घटलं नाही, उलट लॅब सुधारत गेल्या तसं वाढलंच.

आता तुमच्या ग्रेड. पहिला आकडा म्हणजे एम्ब्रियो किती फुगला आहे. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या गोळ्याचं, त्यातून बाळ होतं. दुसरं अक्षर बाहेरच्या आवरणाचं, त्यातून वार तयार होते. ४एए म्हणजे पूर्ण फुगलेला, दोन्ही बाजूंनी उत्तम. ४एबी त्याच्या अगदी शेजारी. ३बीबी हासुद्धा चांगलाच एम्ब्रियो आहे, याची बाळं रोज जन्माला येतात. ३बीसीचं आवरण विरळ आहे, शक्यता कमी, पण तोही टाकाऊ नाही.

ग्रेड ही नुसती डोळ्यांनी पाहून दिलेली असते, आतली गुणसूत्रं त्यातून दिसत नाहीत. तिशीच्या सुरुवातीलाही साधारण तिनातल्या एका ब्लास्टोसिस्टमध्ये (पाच दिवसांच्या एम्ब्रियोत) गुणसूत्रांची गडबड असते, आणि तो कितीही देखणा असला तरी सहसा रुजत नाही किंवा रुजून गळतो. पहिलं ट्रान्सफर फेल जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. बाई फार चालली, स्कूटरवर बसली, पपई खाल्ली किंवा तिने एकच सोडायला सांगितला, ही कारणं नव्हेत. ‘सगळे मलाच बोलतील’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

काही सेंटर ४एएच्या जोडीला ३बीसी ‘सोबतीला’ सोडू म्हणतात. सोबतीचा असा काही उपयोग नसतो. चांगल्याबरोबर दुय्यम सोडल्याने दिवस राहण्याची शक्यता फारशी वाढत नाही, जुळ्यांची मात्र वाढते. त्यापेक्षा दुय्यमलाही त्याची वेगळी संधी द्या.

जुळ्यांबद्दल सासूबाई जे म्हणतात त्यात माया आहे, आणि जुळी सुखरूप वाढलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. पण तुमच्या शरीराचा विचार करा. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळं ३७ आठवड्यांच्या आत येतात. एकट्या बाळात हे प्रमाण साधारण दहात एक असतं. आईला बीपी वाढून झटके येण्यापर्यंत मजल जाणारा जो आजार, प्रीएक्लॅम्प्सिया, तो जुळ्यांत दोन ते तीन पट आढळतो. गरोदरपणातली शुगर, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, सिझेरियन, सगळंच वाढतं. लवकर आलेल्या बाळांना श्वासाचा त्रास, मेंदूत रक्तस्राव, दृष्टीच्या पडद्याची तपासणी हे मागे लागतं, आणि सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा होऊन हालचालींत येणाऱ्या अपंगत्वाचं) प्रमाण जुळ्यांत एकट्या बाळाच्या कित्येक पट आहे. तुमची पीसीओडी स्वतःच शुगर आणि बीपीकडे झुकवणारी. कमी उंची आणि वेळेआधी बाळंतपण यांचा संबंध एकाच बाळाच्या गरोदरपणातही दिसतो. म्हणजे दोनचा धोका तुमच्या बाबतीत सरासरीपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

आणि जत. रात्री दोन वाजता तिसाव्या आठवड्यात पाणी गेलं, तर मिरज किंवा सांगली गाठायला किती वेळ लागेल, हे मिस्टरांना शांतपणे विचारा.

पैशांचा मुद्दा आम्ही हलका मानत नाही. कर्ज काढून उपचार करणाऱ्याला ‘खर्च बघू नका’ म्हणणं सोपं असतं. म्हणून खर्चच बघा, पण पूर्ण बघा. दुसरं फ्रोझन ट्रान्सफर म्हणजे गोळ्या, दोन-तीन सोनोग्राफी, एम्ब्रियो बाहेर काढण्याची आणि सोडण्याची फी. बीजं वाढवायची इंजेक्शनं नाहीत, भूल नाही, पिकअप नाही. आयव्हीएफच्या खर्चाचा मोठा भाग तुम्ही आधीच भरून बसला आहात. सेंटरकडून फक्त फ्रोझन ट्रान्सफरचा आकडा लेखी घ्या, ‘पॅकेज’ नको. मग मिरजेतल्या दोन रुग्णालयांना फोन करून एनआयसीयूचा (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा) दिवसाचा दर विचारा. ३२ आठवड्यांत आलेलं बाळ साधारण तीन-चार आठवडे काचेत राहतं. दर गुणिले २५, गुणिले दोन बाळं. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून मिस्टरांपुढे ठेवा. सिव्हिलचा नवजात कक्ष मोफत असतो, पण तिथे त्या रात्री दोन जागा रिकाम्या असतीलच असं धरून चालता येत नाही. विमा असेल तर पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय का, तेही पाहून ठेवा.

तीन सोडणाऱ्या सेंटरला तुमच्या फाइलसह जाऊच नका. ३१ वर्षांच्या, चार ब्लास्टोसिस्ट असलेल्या बाईला पहिल्याच ट्रान्सफरला तीन, हे आजच्या वैद्यकात बसत नाही. सरोगसीच्या २०२२च्या नियमांतसुद्धा सरोगेट मातेला एकच एम्ब्रियो सोडायचा आणि तीनपर्यंत फक्त विशेष परिस्थितीत, असं लिहिलं आहे. स्वतःच्या पोटात बाळ वाढवणाऱ्या बाईला त्याहून कमी जपायचं का? तीन रुजले तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात एक कमी करण्याचा विषय निघतो. त्यात उरलेली दोन जाण्याचाही धोका असतो, आणि तो निर्णय सहा वर्षं वाट पाहिलेल्या बाईसाठी किती जड असतो हे वेगळं सांगायला नको. कुठलंही सेंटर ‘आमचा सक्सेस रेट सत्तर टक्के’ म्हणालं की तीन प्रश्न विचारायचे. हा रेट बीटा (दिवस राहिल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आल्याचा की बाळ घरी नेल्याचा? कोणत्या वयाच्या बायकांचा? त्यात जुळी-तिळी किती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथे मिळत नाही, तिथे रेट कशाने वाढवलाय ते समजून घ्यायचं.

हे वाचणाऱ्या सगळ्याच जणी ३१च्या नसतील, म्हणून सांगतो : दोन सोडणं केव्हा योग्य असतं. स्वतःचं बीज आणि वय ३८-४०च्या पुढे. दोनदा चांगले एम्ब्रियो एकेक सोडून फेल गेले आणि बाकी काही सापडलं नाही. हाताशी फक्त तिसऱ्या दिवसाचे, सहा-आठ पेशींचे एम्ब्रियो आहेत. किंवा पाचव्या दिवसाचे आहेत, पण सगळेच सीच्या ग्रेडचे. डोनर बीज असेल तर वय डोनरचं धरायचं. पंचेचाळिशीच्या बाईला पंचवीस वर्षांच्या मुलीच्या बीजाचे दोन सोडले तर जुळ्यांची शक्यता पंचविशीची आणि धोका पंचेचाळिशीचा. गुणसूत्रं तपासून ‘नॉर्मल’ आलेला एम्ब्रियो असेल तर कोणत्याही वयाला एकच. आणि जिच्या पिशवीत पडदा आहे, पिशवी एकशिंगी आहे, पिशवीच्या तोंडाला पूर्वी टाका घालावा लागला आहे, जिला आधीच बीपी किंवा शुगर आहे, तिने वय काहीही असो, दोनचा विचार फार सावधपणे करावा.

एक गोष्ट लोकांना पटत नाही : एकच सोडूनही जुळी होऊ शकतात. ब्लास्टोसिस्ट शंभरात एक-दोन वेळा आपणहून दुभंगतो. त्या जुळ्यांची वार बहुतेकदा एकच असते, आणि एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे ओढलं जाण्याचा धोका शंभरात दहा-पंधरा जोड्यांत असतो. दोन सोडले, त्यातला एक दुभंगला आणि दुसराही रुजला, तर तिळी.

संख्येपेक्षा जास्त फरक पाडणाऱ्या काही गोष्टी ट्रान्सफरच्या आधी तपासून घ्या. सोनोग्राफीत किंवा नळ्यांच्या एक्स-रेत एखाद्या नळीत पाणी साचलेलं दिसलं होतं का? ते पाणी पिशवीत झिरपतं आणि यश जवळजवळ निम्म्यावर आणतं. आधी ती नळी बंद करायची किंवा काढायची, मग ट्रान्सफर. पिशवीच्या आतल्या बाजूला पॉलिप किंवा फायब्रॉइड नाही ना? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ताब्यात आहे ना? ट्रान्सफरच्या आधी पिशवीचं अस्तर निदान ७ मिलिमीटर आणि तीन पदरी दिसायला हवं. अस्तर तयार नसेल तर ‘मग दोन टाकू’ हा त्यावरचा उपाय नव्हे. महिना पुढे ढकलणं हा उपाय आहे. एम्ब्रियो फ्रीझरमध्ये म्हातारे होत नाहीत.

अस्तर तयार करायच्या दोन पद्धती आहेत. एक, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या, दहा-चौदा दिवसांनी सोनोग्राफी, मग प्रोजेस्टेरॉन आणि पाच दिवस पूर्ण झाल्यावर ट्रान्सफर. दुसरी, लेट्रोझोल (बीज वाढवायची गोळी) देऊन तुमचंच एक बीज वाढवायचं, ते फुटलं की त्या दिवसावरून मोजायचं. पहिलीत तारखा ठरवणं सोपं, म्हणून सेंटरना ती सोयीची. पण त्या पद्धतीत बीज फुटत नाही, बीज फुटल्यानंतर अंडाशयात तयार होणारी ग्रंथी नसते, आणि पुढे गरोदरपणात बीपीचं प्रमाण जास्त दिसतं. पीसीओडीत बीपीची भीती आधीच आहे, तेव्हा ‘माझं लेट्रोझोलवर करता येईल का’ असं नक्की विचारा. सोनोग्राफीच्या फेऱ्या एक-दोन वाढतील.

लॅबला विचारायचा प्रश्न छोटा आहे, पण विसरू नका : ‘चारही एम्ब्रियो वेगवेगळ्या पट्टीवर आहेत ना?’ एम्ब्रियो बारीक प्लॅस्टिकच्या पट्टीच्या टोकावर, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. काही ठिकाणी एका पट्टीवर दोन ठेवलेले असतात. तसं असेल तर एक काढताना दुसराही वितळतो, आणि मग ट्रान्सफरच्या दिवशी सकाळी ‘दोन्ही निघालेत, सोडून टाकू का?’ असा प्रश्न तुमच्यापुढे येतो, कपडे बदलून टेबलावर जाताना. उत्तर आधीच ठरलेलं हवं. एका पट्टीवर कोणते दोन आहेत ते विचारा. ४एए एकटा असेल तर तोच काढायला सांगा. तो कोणाबरोबर असेल तर जे एकेकटे आहेत त्यातला चांगला आधी काढायचा, की दुसरा पुन्हा गोठवायचा, याची चर्चा लॅबबरोबर आठवडाभर आधी करा. पुन्हा गोठवता येतं, थोडं नुकसान होतं. आणि ४एए वितळताना टिकला नाही तर ४एबी काढायचा, हेही आधीच लिहून द्या.

ट्रान्सफरच्या दिवशी लघवी भरलेली ठेवायला सांगतील, म्हणजे पोटावरच्या सोनोग्राफीत पिशवी नीट दिसते. मऊ नळीतून थेंबाहूनही कमी द्रवात एम्ब्रियो सोडतात, पिशवीच्या वरच्या टोकापासून एक-दोन सेंटिमीटर अलीकडे. मग नळी लॅबमध्ये परत नेऊन मायक्रोस्कोपखाली पाहतात, एम्ब्रियो चिकटून राहिला नाही ना. ‘क्लिअर’ असा आवाज आला की झालं. लघवीला गेल्याने तो पडत नाही. पंधरा दिवस पाय वर करून झोपायची गरज नाही, त्याने यश वाढत नाही. औषधं मात्र एक वेळही चुकवू नका. प्रोजेस्टेरॉन चुकणं हे टाळता येणाऱ्या अपयशाचं खरं कारण आहे. मधेच डाग लागले तरी स्वतःहून बंद करायचं नाही.

दहा-बारा दिवसांनी बीटा निगेटिव्ह आली तर औषधं थांबवून पाळी येऊ द्यायची. बहुतेकींना पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या पाळीला दुसरं ट्रान्सफर करता येतं. तेव्हाही एकच, ४एबी. दोनदा असं झालं तर मात्र तिसऱ्याच्या आधी थांबा. दुर्बिणीतून पिशवी पाहणं, थायरॉइड, प्रोजेस्टेरॉनची मात्रा, नळ्या हे सगळं पुन्हा तपासून घ्या, आणि उरलेले ३बीबी व ३बीसी एकत्र सोडायचे का हा प्रश्न तेव्हा खुल्या मनाने विचारा. तेव्हा तो रास्त असेल.

सासूबाईंना दोन नातवंडं हवी आहेत ना? तुमच्या टाकीतली चार पाहता त्यांची इच्छा पुरी व्हायला जागा आहे, फक्त दोन बाळंतपणांत. २०२१च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार एम्ब्रियो दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. दरवर्षी साठवणुकीची फी भरावी लागते, ती किती आणि पावती कोणाच्या नावे, हे आत्ताच विचारून ठेवा. पत्ता किंवा फोन नंबर बदलला तर सेंटरला कळवा.

शेवटी संमतिपत्र. ते तुम्ही आणि मिस्टर दोघांच्या सहीचं असतं, आणि बहुतेक ठिकाणी ट्रान्सफरच्या सकाळी घाईत पुढे केलं जातं. ते चार दिवस आधी मागून घ्या, मराठीत मागा. त्यात ‘सोडावयाच्या एम्ब्रियोंची संख्या’ अशी ओळ असेल आणि तिथे बऱ्याचदा ‘१ ते ३’ असं आधीच छापलेलं असतं. छापलेलं खोडून तिथे अंकात आणि अक्षरात ‘१ (एक)’ लिहा, शेजारी दोघांनी सही करा, आणि पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.